इमामबी मणेरणीचा खण

शाहू महाराजांच्या राज्यात गंगावेशीत इमामबी मणेरीण ऱ्हायची. घरोघर जाऊन बायकांच्या हातात काकणं भरायची. हात असा हलका की बाळंतिणीच्या सुजल्या मनगटावरनं बी काकण पाण्यावानी सरकायचं. टिचणं न्हाई, रगात न्हाई. भरून झालं की मोल घ्यायची, वर पदरचं एक काकण फुकट चढवायची. मणेरणीनं वरचं काकण द्यायचं, ही रीतच. मग बाई वाकून नमस्कार करायची, आन् ही तिच्या डोक्यावर हात ठेवून उठायची.

तिची धाकटी जाऊ मेहमुदा. तिचं काम म्हंजे बैलाच्या खुराला पत्री ठोकल्यावानी. काकणं टिचायची, पोरी वराडायच्या. पर सांजचं घरात शिरताना मेहमुदाच्या पदरात कायतरी असायचंच. कधी सूपभर जोंधळं, कधी गुळाचा खडा, सणावाराला चोळीचा खण. इमामबीच्या पदरात नुसतं कामाचं मोल. चुलीफुडं बसून ती त्या पदराकडं बघत ऱ्हायची. तव्यावर भाकरी करपायची. मेहमुदा खण अंगाला लावून बघाय लागली की हिच्या पोटात कुणीतरी मिरच्या वाटायचं. ही मागत असणार, दारोदार "आक्का, आक्का" करत पदर पसरत असणार, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं हुतं.

पेठेतल्या चिमणाबाईच्या लेकीचं लगीन निघालं. चुडा भरायला दोघी जावा गेल्या. इमामबीनं नवरीचा हात धरला, मेहमुदा पावण्या बायकांना भरत बसली आन् एका म्हातारीचं मनगट रगताळून ठेवलं. काम आटपल्यावर चिमणाबाई इरकली खण आन् नारळ ताटात घेऊन आली. आली ती थेट मेहमुदाफुडं. खण तिच्या मांडीवर ठेवला.

इमामबीला ऱ्हावलं न्हाई.

"आक्का, नवरीचा चुडा म्या भरला. म्हातारीचं रगात हिनं काढलं. आन् खण हिला?"

चिमणाबाई शांतपणी म्हणाली, "तुला दिला तर तू घेतीस व्हय? माझ्या लग्नात माझ्या सासूनं जोंधळ्याचं सूप फुडं केलं, तर म्हणालीस, मोल घेतलंय, वरचं घ्यायला मी काय फकिरीण न्हाई. तवापासनं आख्ख्या पेठंला ठावं हाय. तुझ्या नावानं काढल्यालं जावंच्या पदरात घालतो. जातंय तुमच्याच घरात की."

इमामबीला आठवलं. तवा धंद्यात नवी हुती, हाताचा लई तोरा हुता. तिनं मेहमुदाकडं बघितलं. मेहमुदा मान खाली घालून टिचल्याल्या काचा येचत हुती. तिला समदं ठावं हुतं तर.

"मागणं येगळं, खुशीनं दिल्यालं येगळं," चिमणाबाई म्हणाली. "वरचं काकण तू देतीस, त्ये काय नवरीनं मागितलं?"

इमामबीनं हात लांबवून जावंच्या मांडीवरला खण उचलला आन् कनवटीला खोवला.

घरी आल्यावर तिनं खण अंगाला लावून बघितला. शोभत हुता. पर पोटातली आग काय इझली न्हाई, उलट भडकली. आजवर जावंचं बघून जळलो, त्ये समदं आपलंच हुतं की.

सकाळी तोंड धुवायच्या आदी ती मेहमुदाच्या खण ठेवल्याल्या ट्रंकेफुडं जाऊन बसली.

"उघड," म्हणाली.