तिसगावची विहीर

पुण्याहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, फुलस्केप कागद आणि नसता उत्साह होता. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी वंशसंहाराचा इतिहास घेतला होता. ग्रंथालयात दूरदेशीचं सगळं सापडलं, पण सर म्हणाले, "गेल्या वर्षी शेजारी, पूर्व बंगालात घडलं, ते पाहिलेलं माणूस शोध." मैत्रिणीच्या ओळखीतून ज्ञानोबा सापडला. तिसगावचा, युद्धावरून परतून सैन्य सोडलेला.

नगर मागे पडलं आणि हिरवं दिसेनासं झालं. करंजीच्या घाटात एस.टी. तापली. इंजिनात ओतायला ड्रायव्हरनं पाणी मागितलं, तर सगळे आपापल्या तांब्याकडे बघत बसले. दुष्काळच तसा होता. शेवटी माझी बाटली गेली, आणि वर "पुन्याच्या बाई लई उदार हाईत" अशी चेष्टाही झाली.

तिसगावात विहिरीभोवती गर्दी होती. गाळ उपसायचं काम चाललं होतं. ज्ञानोबाचं घर विचारलं, तर एक जण हसला.

"बाप हिरी (विहिरी) खंदायचा, ह्यो बी तेच करायचा. आता लढाईवरनं आला, तर हिरीत उतराया भितुया!"

मला त्या माणसाचा रागच आला.

घरी ज्ञानोबाच्या आईनं हुलग्याचं माडगं (पातळ, पेजेसारखं) दिलं. चव मातकट, पण पोटाला आधार झाला. ज्ञानोबा उंबऱ्यात बसून होता. आई शेळी बांधायला गेली, तसा तो बोलू लागला.

"पान्यासाठी एका गावात शिरलो, ताई. हिरीत पोहरा सोडला, तर आत मानसं हुती. बायका, लेकरं. गावच मारून टाकल्यालं. आमी काढली समदी."

माझी पेन्सिल थांबली. ग्रंथांतले मोठमोठे शब्द मला पाठ होते. त्यातला एकही कागदावर उतरेना.

"लिवा," तो म्हणाला. "पर आईला सांगू नगा. तिला हिरीचंच पानी प्यायचं हाय."

सकाळी तो विहिरीवर आला. उतरला नाही, वरून दोर धरला. पण गाळाची पाटी ओढण्याआधी दर खेपेला खाली वाकून हाक मारायचा, "रामा, हाईस का?" खालून "हाय!" आल्याशिवाय दोर हलवायचा नाही. लोक हसत होते. त्याची आई मात्र एकटक त्याच्याकडे बघत उभी होती.

एस.टी.पर्यंत मला सोडायला ती एकटीच आली.

"बाई, तिकडं हिरीत मानसं टाकली हुती, व्हय ना?"

खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. मी मान हलवली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मला कळलंय म्हनून त्याला सांगू नका. त्याला वाटू द्या, आईला ठावं न्हाई."

प्रबंध पुरा झाला, पदवीही मिळाली. पण त्या घरात मायलेक एकमेकांपासून तेच लपवत एकाच घागरीतलं पाणी अजून पीत असतील.