सर्जेरावाचा दहावा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — ती म्हणेल, खेळातला माणूस मेला, त्याचं एवढं काय? म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही हसलात तरी मला दिसणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेला गोडादऱ्यात आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही तिघं खेळायचो — मी, बबन आणि मारोती. खेळ परदेशी. एका शेजाऱ्यानं त्याचं पुस्तक दिलेलं, आणि इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून कायमचा सूत्रधार मी. सूत्रधारानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. समोर दोन दारं आहेत, कुठल्या दारात शिरतोस? दारामागे सापळा निघाला की फासा. तो आमचा ल्युडोचाच होता. मी तो साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याआड टाकायचो. चार किंवा वर पडले तर जगला, नाहीतर मेला.

मारोती यवतमाळकडचा. पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये कामाला, सुट्टीच्या दिवशीही नखं निळी. सुरतेत त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं. होता तो सर्जेराव — त्याचं पात्र, तलवारबाज. खोलीवर परत जाताना जिन्यातही तो सर्जेरावाबद्दलच बोलायचा.

आणि हा सर्जेराव मरायचाच नाही. बबनची किती पात्रं गेली, पण मारोती सापळ्याच्या तोंडाशी येऊन म्हणायचा, "इकडून नाही जात बा." दर वेळी बरोबर. असं नशीब असतं का कुणाचं? मी पुठ्ठा उन्हात धरून भोकं शोधली. बबन त्याला खुणा करतो की काय, म्हणून दोघांना लांब बसवलं. मारोती चहा आणायला खाली गेला तरी वाटायचं, हा माझ्या खोलीत तर डोकावला नसेल? दातात बडीशेप अडकली की जीभ सारखी तिथंच जाते, तसं झालं होतं माझं. खरं सांगू? मला त्याचा राग येत होता. मी शिकलेला, गोष्ट माझी — आणि हा मिलमधला माणूस मला ओळखून बसलेला.

मग एका सुट्टीला मी दोन्ही दारांमागे सापळा ठेवला. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आज काही समजून नाही राहिलं. जातो डावीकडून."

मी फासा टाकला. सर्जेराव वाचला होता. मी फासा मुठीत घेतला आणि म्हणालो, "गेला."

"गेला तं गेला," मारोती म्हणाला. "फाशाचा काय दोष?"

आमच्यात मेलेल्या पात्राचा दहावा व्हायचा. बबननंच थट्टेत काढलेली रीत. पुढच्या सुट्टीला कठड्यावर भाताचा गोळा ठेवायचा, आणि कावळा शिवेपर्यंत मेलेल्याला वचनं द्यायची. बबन म्हणाला, तुझा घोडा सांभाळू. तुझ्या बहिणीचं लग्न लावू. कावळा टाकीवर बसून नुसती मान वळवत होता. बबननं माझ्याकडे पाहिलं. मी काय वचन देणार होतो?

शेवटी मारोतीनं हात जोडले. "सर्जेराव, सूत्रधारानं फासा खरा टाकला. त्याच्यावर राग नको धरू."

कावळा उतरला आणि गोळा घेऊन गेला. बबननं टाळी दिली. मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

नवं पात्र सूत्रधारानं द्यायचं असतं. मारोती दर सुट्टीला विचारायचा, मी म्हणायचो, बघू. तो टाकीला टेकून आमचा खेळ बघत बसायचा, चहा करायचा, कपही तोच विसळायचा. पुढे शहराबाहेर इच्छापोरला ठेकेदाराकडे लागला आणि यायचा थांबला. मला सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगायला हवं.

बऱ्याच वर्षांनी बबन सहज बोलला, "मारोती कसा वाचायचा माहितीये? सापळ्याचं दार सांगायच्या आधी तू पाणी पितोस. त्यानंच सांगितलं मला. म्हणायचा, भाऊचा घसा सुकते, त्याले आपल्याला मारायचं जिवावर येते."

म्हणजे ना भोक, ना खूण. नुसती माझ्याकडे नजर. त्या दिवशी दोन्ही दारं सांगायच्या आधी मी पाणी प्यायलो, म्हणूनच त्याला काही समजेना. आणि "गेला" म्हटल्यावर? तेव्हाही मी तांब्या तोंडाला लावला होता. फाशानं मारलं असतं तर माझा घसा कशाला सुकला असता? मारोती समोरच बसला होता, माझ्याकडेच बघत. तरी दहाव्याला हात जोडून तो तसं बोलला.

पाच पडले होते, मारोती.