दुपट्ट्याखालचा सौदा

आंतरराष्ट्रीय आर्थिक कायदा आमच्या मलकापुरात प्रथम उतरला तो सकाळच्या पॅसेंजरने, तीन तास उशिरा. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि मुंबईच्या विद्वानांना विदर्भाची ओळख करून घ्यायची हौस आली होती. असेच एक प्राध्यापक आमच्या वकील मंडळींशी 'विचारांची देवाणघेवाण' करायला आले होते. देवाण त्यांची, घेवाण आमची, हे आम्ही त्यांचा पोशाख पाहूनच ओळखलं.

व्याख्यान बाररूममध्ये झालं. देशादेशांतला व्यापार कोणत्या नियमांनी चालतो, करार मोडला तर कुणी कुणाकडे दाद मागायची, आणि जिथं लेखी कायदा नाही तिथं रूढीच कायदा कशी होते, हे त्यांनी दीड तास समजावलं. शेवटी 'काही शंका?' असं विचारल्यावर आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ वकील उठले आणि म्हणाले, "हा कायदा मलकापूरच्या तहसीलदारावर बंधनकारक आहे काय?" प्राध्यापक म्हणाले, नाही. तेव्हा ज्येष्ठ वकील समाधानाने खाली बसले आणि अर्ध्या सभेने चपला शोधायला सुरुवात केली.

मी मात्र पहिल्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. विद्येच्या प्रेमाने नव्हे. परदेशातलं एक विद्यापीठ आपल्याकडच्या एका तरुण वकिलाला सहा महिने अभ्यासासाठी बोलावणार होतं आणि नाव सुचवायचं काम या प्राध्यापकांकडे होतं. अट एकच: उमेदवार व्यापारी गावातला असावा, पण त्याच्या घरात व्यापार नसावा, म्हणजे मत निःपक्ष राहतं. माझे वडील कापूसबाजारात चाळीस वर्षं दलाली करत होते. रोहिणखेडला आमचं चार एकर रान होतं. अर्जात वडिलांच्या धंद्यापुढे मी लिहिलं, 'शेती'.

अट होती म्हणून लिहिलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. पुण्याला कायदा शिकताना माझ्या तोंडून एकदा 'मले' निघालं आणि सगळा वर्ग हसला, तेव्हापासून मी बोलणं धुऊन घेतलं होतं. वडिलांचं बोलणं धुता येणार नव्हतं. मला त्यांची लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक म्हणाले, "इथली एखादी जिवंत रूढी दाखवा." मी त्यांना जिनिंग कारखान्याची चिमणी दाखवली, तहसील दाखवली, पण ते काही केल्या बाजार पाहिल्याशिवाय परतायला तयार नव्हते. तिथं त्यांनी भेटेल त्याला विचारलं, "सगळ्यात जुना दलाल कोण?" दहा बोटं एका दिशेला वळली. माझे वडील गाड्यांच्या सावलीत बसून पान लावत होते.

"हे इथले एक जुने दलाल," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. पान तोंडात ठेवलं. शेजारचा हमाल दात काढून काही बोलणार, तोच त्याला म्हणाले, "तू आपला काटा पाह्य बे." मग उठून प्राध्यापकांना हात जोडले. "या साहेब. वकीलसायबाले मी ओळखतो. लई शिकेल मानूस हाय."

प्राध्यापकांना दुपट्ट्याखालचा सौदा पाहायचा होता. घेणारा आणि दलाल कापडाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, तोंडाने अक्षर निघत नाही. उघड लिलाव सक्तीचा झाल्यापासून हा प्रकार कायद्याने बंद होता. म्हणजे साहेब लोक आसपास असले की बंद असे. प्राध्यापकांनी विचारलं, दुसरा हात कोणाचा? वडील म्हणाले, "वकीलसाहेब हायेत ना."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत दुपट्टा हातावर आला होता. वडिलांनी माझी दोन बोटं धरली, मग पंजा, मग तळव्यावर एक टिचकी. मी सहा वर्षांचा असताना याच बाजारात, याच हाताने त्यांनी मला ही बोटं शिकवली होती. पाढे मला नंतर आले. माझ्या बोटांनी मला न विचारता उत्तर दिलं. प्राध्यापकांनी आम्हा दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर भाव लिहायला लावला. वडिलांनी वाकड्या आकड्यांत लिहिला, मी सरळ. भाव एकच होता.

"तुमचा तर या धंद्याशी संबंध नाही," प्राध्यापक चकित होऊन म्हणाले, "मग तुम्हाला कसं कळलं?"

"इथं सर्वांनाच कळतं," मी म्हणालो.

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी वहीचं पानच्या पान भरलं. वडिलांनी त्यांना चहा पाजला, मलाही पाजला, आणि दोघांनाही "घ्या साहेब" म्हणाले.

दीड महिन्याने मुंबईहून पाकीट आलं. माझं नाव निश्चित झालं होतं. सोबत प्राध्यापकांच्या लेखाचा खर्डा होता आणि त्यातल्या एका तळटीपेखाली माझी सही हवी होती. सही आली की माझ्या निवडीचे कागद परदेशी रवाना. वडील ओसरीवर होते. म्हणाले, "काय लिवलं त्यात? वाचा."

मी मराठी करून वाचलं. अमुक बाजारात एक वृद्ध दलाल आणि एक वकील यांनी एकच भाव ओळखला. या दोघांचा परस्परांशी कोणताही संबंध नसल्यामुळे ही रूढी सर्वमान्य आहे असं निःशंकपणे सिद्ध होतं.

वडिलांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. ते सुपारी कातरू लागले.

"करा सही, वकीलसाहेब," ते म्हणाले. "खोटं काय लिवलं त्यायनं?"

मी पेन उघडलं आणि सही करायच्या जागी लिहिलं, 'दलाल माझे वडील आहेत.' पाकीट त्याच दिवशी रजिस्टरने टाकलं. परदेशची जागा अमरावतीच्या एका वकिलाला गेली. लेख पुढे छापून आला, तेव्हा त्यात आमच्या बाजाराचा उल्लेख नव्हता. रूढी सिद्ध करायला दुसरा जिल्हा सापडला असावा. मी वडिलांना काय लिहून पाठवलं ते सांगितलं, पुन्हा सांगितलं, पाकिटाची पोचही दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे ते अकरा वर्षं जगले, आणि तेवढी वर्षं जेवायला हाक मारतानाही मला वकीलसाहेबच म्हणत राहिले.