काकांना थांबायला सांगितलं तो दिवस

देवमाणूस गेला, असं सकाळपासून फॅमिली ग्रुपवर चाललंय. मला नाही असं लिहिता येत.

मोठे काका काल सुरतेत वारले. पंच्याऐंशी ओलांडली होती. झोपेत गेले, काही त्रास झाला नाही. याचंसुद्धा मला वाईट वाटलं.

हो, लिहिलं. अनफ्रेंड करायचं असेल त्यांनी करा.

साठ-सत्तरच्या काळातली गोष्ट. खानदेशातून आम्हाला सुरतेला आणलं ते काकांनी. उधन्याला लूमच्या कारखान्यात माझ्या वडिलांना, अप्पांना, चिकटवलं तेही काकांनी. लिंबायतच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. उपकार मोठे होते आणि काका ते कुणाला विसरू देत नसत.

पंगत आधी गड्यांची, म्हणजे घरातल्या पुरुषांची. भाजी काका स्वतः आणायचे, वांगी नाहीतर बटाटे. स्वतःच वाढायचे. फोडी गड्यांना आणि मुलग्यांना.

आई, मी आणि माझी धाकटी बहीण शकू जेवायला बसायचो तेव्हा पातेल्यात लाल पाणी उरलेलं असायचं. त्यात भाकरी कुस्करायची आणि गिळायची.

अप्पा मान खाली घालून जेवायचे. त्यांचाही राग आहे मला.

शकू पाच वर्षांची असताना दिवेलागणीला भिंत चाचपत चालायला लागली. एकदा पेटत्या शेगडीवर हात टेकला. आईने तिला डिस्पेन्सरीत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि त्या आईवरच ओरडल्या, "छोकरीने रोज लीली भाजी खवडावो, बेन! आंख जती रहेशे." म्हणजे रोज हिरवी भाजी द्या, नाहीतर डोळे जातील.

आता हे काकांना सांगायचं कसं?

आमच्यात सून थोरल्या दिराशी बोलत नसे. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे, आणि बोलणं पोरांमार्फत. आईचे निरोप माझ्याकडे असायचे. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला मी त्याने आधीच ऐकलेलं पुन्हा सांगायचे.

हाही सांगितला.

"पोरीले भाजी?" काका म्हणाले. "कमाडीसन कोन आनस, पोर का मी?"

आई भिंतीला म्हणाली, "काकाले इचार, भाजी नको. पाला वेची आनू का?"

"पाला? ढोरं खातस तो. आन म्हना!"

आणि हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

मग आई गोडादऱ्याकडच्या शेतांच्या बांधांवर जायला लागली. तांदुळजा, चिवळ, शेवग्याचा पाला. भाजीवाल्यांनी तोडून टाकलेली मुळ्याची पानं.

शेजारच्या शांताबेन थेपल्यात मेथी मळायच्या. त्यांनीच वाट दाखवली. "लोटमां ज नाखी दो ने, बेन."

आईने भाकरीच्या पिठात पाला बारीक चिरून मळला, लसूण-ओवा घालून. उरलेला डाळीच्या पाण्यात घोटला. रोज, दोन्ही वेळा. गड्यांची भाकरी पांढरी, आमची हिरवी. काकांच्या लेखी भाजी म्हणजे फोड. भाकरीवर त्यांनी पहारा ठेवलाच नाही.

शकूचा डावा डोळा वाचला.

उजव्यावर फूल पडलं होतं, ते आजही आहे. उशीर झाला होता. तो उशीर कुणी केला, हे ग्रुपवर कुणी लिहीत नाहीये.

यातलं काही लिहू नकोस म्हणून सकाळी शकूचाच फोन आला. "ताई, गेलेल्या माणसाचं असं उकरून काढू नये."

शकू, त्या डोळ्यापायी तुला तीन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा चहाचे कप मीच उचलले होते. मी लिहिणार.

शकूच्या डोळ्यानंतर सात-आठ वर्षांनी काकांना मूळव्याध झाली.

बसता येईना. कारखान्यात सगळ्यांवर डाफरणारा माणूस उभ्याने जेवायला लागला. डॉक्टरांनी तिखट बंद केलं आणि सांगितलं, दोन्ही वेळा पालेभाजी पोटात गेली पाहिजे.

आणि पाला आमच्या घरात एकाच परातीत होता.

एका दुपारी मी आणि शकू जेवत होतो. आई तव्यावर हिरवी भाकरी टाकत होती. काका उशी घेऊन आले, उंबऱ्याशी कसेबसे टेकले. मला म्हणाले, "तुनी मायले सांग, त्यामाईन दोन भाकरी मले दे म्हना."

आईने भाकरी उलटली. तोंड भिंतीकडेच.

"त्यास्ले सांग, पोरी जेवी राहिन्यात. थांबा म्हना."

मी सांगितलं. चाळीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

काका थांबले.

आईने शकूला आणखी एक वाढली. मग मला. माझं पोट भरलं होतं, तरी खाल्ली, एकेक घास चावून. मग आईने स्वतःचं ताट घेतलं आणि निवांत जेवली. काका बघत होते. उशीवर कधी या अंगाला कलत होते, कधी त्या.

शेवटी अर्धी भाकरी उरली. ती त्यांना मिळाली, डाळीच्या पाण्यात कुस्करून.

इतकी चविष्ट भाकरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. पण शकूचा डोळा त्याने परत आला नाही, म्हणून माझं अजून पुरतं फिटलेलं नाही.

मोठे काका, श्रद्धांजली.

आई तुमच्या आधीच तिकडे गेली आहे. जेवत असेल.

तिचं होऊ द्या.