पंगतीत पास झालेले जनाभाऊजी

इरा आणि निहार, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईने जनाआजोबा गेल्याचं तुम्हाला सांगितलं तेव्हा निहार म्हणाला, "ते ओरडणारे आजोबा?" आणि इराने त्याला कोपर मारलं. तेव्हापासून मी स्वस्थ बसलेली नाही. कपाट आवरायला घेते आणि अर्ध्यावर सोडते, भाजी निवडताना उठून ओटीवर जाते. मी टापटिपीची बाई आहे, हे तुमची आई तुम्हाला सांगेलच, थोड्या वैतागाने सांगेल. पण या एका वाक्याचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. निहार खोटं बोलला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे आलात तेव्हा तो वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे आपल्या त्या तळ्याच्या, शेवाळलेल्या काठावर चढला होता आणि जनाआजोबा असे ओरडले की पलीकडच्या केळीतले बगळे उडाले. तुम्ही घाबरलात, ते योग्यच होतं. आम्हीही आयुष्यभर घाबरत आलो. पण माणसाबद्दल एवढंच ठरवून मोकळं व्हायचं का, हा प्रश्न मला नवा नाही. एकदा सगळ्या गावाला तो पडला होता, आणि माझ्या हातात मत होतं. ते सगळं वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मराठीत लिहिते आहे. आई वाचून दाखवील.

जनाआजोबा म्हणजे माझे दीर, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. मी दादरहून, इंग्रजी शाळेत शिकून, उमेळ्याच्या अलीकडच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा ते कॉलेज सोडून वाडी बघत होते. केळी, पानवेल, थोडी भाजी. बाकी घर शांत, हे एक तेवढे दूध उतू जावं तसे. रिक्षावाल्याशी, मीटर बघायला येणाऱ्याशी, क्रिकेटच्या पंचाशी... रागावण्याचं कारण नसेल तर ते शोधून आणत. आणि दहा मिनिटांनी त्याच माणसाच्या हातात पेरू ठेवत. पेरू दिला म्हणून बोललेलं पुसलं जातं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. माझ्या सासूबाई म्हणत, "जनाचा राग माफ, पन कान दुखतात त्याचं काय?"

तुम्ही दोघं फार लहान होता तेव्हा आपल्या गावच्या शाळेच्या संस्थेची निवडणूक आली. ही शाळा गावाने काढलेली, मराठी माध्यमाची. तिचा कारभार संस्था बघते आणि संस्थेचे सभासद दर पाच वर्षांनी कार्यवाह निवडतात. एरवी हे काम कोणाला तरी आग्रह करून गळ्यात मारावं लागे. त्या वर्षी मात्र प्रश्न मोठा होता. बाहेरच्या एका ट्रस्टला आपली इमारत आणि मैदान हवं होतं. ते तिथे मोठी इंग्रजी शाळा काढणार होते आणि मराठीचे वर्ग 'हळूहळू' बंद होणार होते. पट घसरत होता, छत गळत होतं, ट्रस्टची माणसं गोड बोलत होती. उमेदवार दोन उभे राहिले. एक जनाभाऊजी. दुसरे प्रभाकरराव, मूळचे कोकणातले, बँकेतून निवृत्त झालेले, स्टेशनजवळच्या इमारतीत राहणारे. त्यांच्या मुली आपल्या शाळेत शिकल्या होत्या. अतिशय सज्जन माणूस. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. पण ट्रस्टचं काय करणार असं विचारलं की ते म्हणत, "बघू या. दोन्ही बाजू ऐकून घेऊ." सभासद मला विचारायचे, "वहिनी, तुम्ही तर इंग्रजीवाल्या. तुमचं मत ट्रस्टलाच ना?" मी इंग्रजीत शिकले म्हणून मराठी वर्गांना कुलूप लागलेलं मला चालेल असं लोक धरूनच चालले होते. मला ते चालणार नव्हतं. माझ्यापुढे अडचण वेगळीच होती. जो नाही म्हणेल याची खात्री होती, तो कुठे आणि कोणावर फुटेल याची खात्री नव्हती.

आता आपल्या गावची एक रीत सांगते, ती तुम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडायची नाही. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सभासदांची पंगत बसते. भात, डाळ, वालाचं बिरडं, जिलेबी. आणि वाढतात ते उमेदवार. जेवणाऱ्यांनी त्यांना छळायचं असतं. सगळ्यांना ते ठाऊक असतं, उमेदवारांनाही. जो पंगतीत चिडला तो संस्थेत काय टिकणार, असा हिशेब. भाषणं कोणी ऐकत नाही, पंगत मात्र कोणी चुकवत नाही.

त्या रविवारी सगळ्यांचे डोळे भाऊजींवर. पहिल्या रांगेत हिराकाकी बसलेली, गावातली सर्वांत म्हातारी सभासद. तिने भातात बोट घातलं आणि म्हणाली, "जना, हा भात कोनाच्या तेराव्याचा? थंडगार."

"गरम आनतो, काकी."

"गरम नको, तोंड पोळेल. डाळ आन. तुझा बाप वाढायचा तेव्हा डाळीत डाळ असायची."

"हां काकी."

"मीठ आन... आता मीठ कशाला आनलंस? मी पानी मागितलं."

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "अरे, जनाचं तोंड बघा, जिलेबीसारखं वळतंय." अख्खा व्हरांडा हसला. भाऊजींच्या कानशिलावरची शीर मला माझ्या पानावरून दिसत होती. पण ते हसले, वाकले, पाणी आणलं, पुन्हा मीठ आणलं. एकदाही आवाज चढला नाही. प्रभाकररावांची मात्र त्रेधा उडाली. जो मागेल त्याला "आणतो, आणतो" म्हणून त्यांनी सगळ्यांना जिलेबी कबूल केली, अर्ध्या रांगेतच जिलेबी संपली, आणि मग ते रिकामं ताट घेऊन उरलेल्या रांगेतून "येतेय, येतेय" म्हणत फिरत राहिले. चिडले नाहीत. पण लोकांना कळायचं ते कळलं.

मी हात धुवायला शाळेच्या मागे गेले तर भाऊजी नव्या सदऱ्यासकट नळाखाली डोकं धरून उभे. पाणी मानेवरून आत जात होतं. मला बघून म्हणाले, "वहिनी, अजून एक रांग असती तर मेलो असतो. हिराकाकीला तरी मारलं असतं."

गाव म्हणत होतं, जना निवळला. घरी आल्यावर मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "हे निवळलेले नाहीत. दाबून धरतायत. पंगत तासाभरात उठते, कार्यवाह पाच वर्षं बसतो." आजोबा पंख्याखाली आडवे होते. ते म्हणाले, "दाबून धरता येतंय हे तरी कळलं ना? आणि ज्याला राग येतच नाही तो ट्रस्टला काय म्हणेल?" मी म्हटलं, "येतेय, येतेय." ते खूप हसले. पण मला त्या आठवड्यात चैन पडलं नाही. स्वभाव म्हणजे नेमकं काय बघायचं? माणसाच्या आत काय उकळतंय ते, की तो ते सांडू देतो का ते? मी नळाखालच्या माणसाला मत दिलं, पंगतीतल्या नव्हे. तेवढं मी स्वतःशी स्पष्ट ठेवलं होतं. भाऊजी थोड्या मतांनी निवडून आले.

ट्रस्टची माणसं आली तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले. भाऊजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "शाळा द्यायची नाय," आणि आपल्या वाडीतली केळ्याची एक फणी हातात देऊन त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. ती माणसं पुन्हा आली, पुन्हा फणी मिळाली. नंतर येईनाशी झाली. छताचं काम लोकांकडून श्रमदानाने झालं. मला वाटलं, आपला अंदाज बरोबर निघाला. आणि मग ते फुटले, जिथे फुटायला नको होतं नेमकं तिथे.

गणिताच्या कल्पनाबाई म्हणजे आपल्या शाळेतल्या सर्वांत चांगल्या शिक्षिका. त्यांचा सातवीत तास चालू होता आणि एक मुलगी वर्गाबाहेर पायरीवर बसली होती. भाऊजींना वाटलं, तिला शिक्षा म्हणून बाहेर काढलंय. ते तडक वर्गात शिरले आणि सगळ्या मुलांसमोर गरजले, "पोरीला बाहेर काढायला शाळा तुमच्या बापाची हाय काय?" मुलीला हुडहुडी भरली होती. ती स्वतःच उन्हात बसते म्हणाली होती आणि तिची आई घ्यायला निघाली होती. बाईंनी यातलं काही सांगितलं नाही. फळ्यावरचं उदाहरण पूर्ण केलं, हात झटकले, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला. पालक हवालदिल झाले. दोघातिघांनी मुलांचे दाखले मागितले. जी शाळा ट्रस्टपासून वाचवली, ती आता कार्यवाहांपासून कोण वाचवणार, असं लोक उघड बोलू लागले. ते मी ऐकत होते आणि माझं मत मला टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी ओटीवर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली. "वहिनी, जूचंद्रला चला. बाईंच्या घरी."

"तुम्ही जा ना. माफी तुम्हाला मागायची आहे."

"एकटा गेलो तर भांडून येईन."

रिक्षात ते पुटपुटत वाक्य पाठ करत होते. इमारतीखाली वॉचमनने कुठे जायचंय असं विचारलं तर त्याच्याशीच जुंपली. मी दंड धरून वर नेलं. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसल्या. भाऊजी म्हणाले, "बाई, चुकलो." आणि लगेच पुढे म्हणाले, "पन तुम्ही पन सांगायला पायजे होतं."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगू दिलंत?"

खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. मग भाऊजी खाली बघत म्हणाले, "यापुढे रागावनार नाय, असं मी सांगत नाय. तसं मी आईलाही सांगायचो. मना माझाच भरवसा नाय. तुम्ही परत या. तुमचा तास चालू असेल तेव्हा मी फाटकाच्या आत पाय ठेवनार नाय."

बाई म्हणाल्या, "माझ्या एकटीचा तास नाही. कोणाचाही. आणि तुम्ही एकटे नाही, कमिटीतलं कोणीही."

"मग मी कार्यवाह कसला?"

"ते तुम्ही बघा."

त्यांच्या कानशिलावरची शीर पुन्हा उठली. मी पदर घट्ट धरून बसले होते. त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला, आणि म्हणाले, "बरं."

बाई सोमवारी परत आल्या. तेव्हापासून शेवटपर्यंत, दुसऱ्यांदा निवडून आल्यावरही, भाऊजी शाळेत जायचे ते मधल्या सुट्टीत नाहीतर शाळा सुटल्यावर. लवकर पोचले तर फाटकाबाहेरच्या मोरीवर, म्हणजे रस्त्याखालून जाणाऱ्या नाल्याच्या कठड्यावर, बसून राहायचे. ऊन असो, चिखल असो. येणारेजाणारे चिडवायचे, "काय जनाशेठ, शिक्षा झाली काय?" ते म्हणायचे, "हो, वर्गाबाहेर काढलाय." आणि तिथे बसल्याबसल्या रस्त्यावरून उलट्या बाजूने येणाऱ्या टँकरवाल्यावर असे ओरडायचे की आत सातवीला ऐकू जायचं. म्हणजे निवळले वगैरे काही नाहीत. निहार, तू ऐकलास तो आवाज त्यांचाच होता. मी तुला दुसरा कोणी माणूस दाखवत नाही. एवढंच सांगते, की ज्या फाटकापाशी थांबायला हवं होतं तिथे तो माणूस रोज थांबला, आणि रोज थांबणं त्याला जड गेलं. ते मोरीवर गुडघा हलवत बसलेले मी बघितले आहेत.

एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी तेव्हा दादरला माहेरी होते; मला फोन आला तो प्रभाकररावांचा. "वहिनी, जनाभाऊ..." एवढंच बोलून त्यांनी फोन शेजारच्याच्या हातात दिला. पहिल्या निवडणुकीनंतर भाऊजींनीच त्यांना आग्रहाने कमिटीत घेतलं होतं. "नाय म्हनायचं काम मी करतो, बाकी सगळं तुम्ही करा," असं सांगून. पुढची निवडणूक होईपर्यंत आता तेच काम बघतात. मी मत दिलं ते बरोबर होतं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. त्या मुलीला आणि बाईंना जे ऐकावं लागलं ते माझ्या मताने ऐकावं लागलं, आणि शाळाही माझ्या मताने राहिली. दोन्ही एकाच माणसाने केलं. मी ही बेरीज मांडते, पुसते, पुन्हा मांडते...

परवा मी शाळेच्या रस्त्याने येत होते. प्रभाकरराव हातात फायली घेऊन फाटकाबाहेर उभे होते. आतून पाढ्यांचा आवाज येत होता. कल्पनाबाई व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "सर, आत या ना. ती अट मी त्यांच्यामुळे घातली होती." मला वाटलं, आता हे 'बघू या' म्हणतील आणि आत जातील. ते म्हणाले, "नाही बाई. तास संपू दे." बाई वर्गात गेल्या.

आपली शाळा सुरू आहे. तास चालू असताना कमिटीचं माणूस फाटकाच्या आत जात नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ते पाळलं जातं.