हिरवा, पिवळा, लाल आणि इनामदारकाका

आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या काही दिवस ठेवून टाकून देतात. किस्से मात्र कुणी टाकत नाही! चहाच्या वेळी कुणीतरी एक काढला की मागोमाग चार निघतात. मी मूळची बेळगावची. मल्लेश्वरममधल्या एका हार्ट हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझे केस पांढरे झालेत, त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा मोठा आहे.

त्यातले निम्मे किस्से 'स्कोर' आल्यापासूनचे. आमच्या डॉक्टर हेरेकरांच्या डोक्यात आलं, की अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं रक्त आपण तपासतोच. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन, सगळं नेहमीचंच. मग याच आकड्यांवरून कॉम्प्युटरला आधीच सांगता येईल का, की पुढे कुणाचं हृदय त्रास देणार आहे? हिरवा म्हणजे ठीक चाललंय, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे ताबडतोब बोलवा. प्रोग्रॅम लिहायला पुण्याची ऋता आली. ती सर्जापूर रोडला राहते, म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये आणि उरलेला आमच्यात.

सरांचं एक वाक्य ठरलेलं, "पेशंट खोटं बोलेल, रक्त खोटं बोलत नाही!"

*

हे वाक्य पहिल्यांदा उलटलं ते सरांवरच. ट्रायल म्हणून आम्ही स्टाफनंच रक्त दिलं. मी हिरवी, ऋता हिरवी, वॉचमनही हिरवा. सर पिवळे!

सरांनी स्क्रीन बंद करून पुन्हा चालू केला. मग म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये बग आहे."

ऋता म्हणाली, "असेल सर. रक्तात तर नसतो ना?"

दुसऱ्या दिवसापासून सर लिफ्ट सोडून जिन्यानं यायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, लिफ्ट फार स्लो झालीय.

*

एकदा बसवनगुडीहून एक बाई आल्या. तीन पिढ्या इथंच गेलेलं मराठी घर. पर्समधून त्यांनी कुणाचा तरी ब्लड रिपोर्ट काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"अक्का, स्वल्प याचा रंग बघून सांगा ना."

"पेशंट कुठाय?"

"पेशंट नाही हो, स्थळ आलंय मुलीला. पत्रिका जुळली, पगार जुळला. आता एवढंच राहिलं!"

ऋतानं समजावलं, की काकू, हा स्कोर अटॅक येऊन गेलेल्यांसाठी आहे, धडधाकट मुलाला लावून उपयोग नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मग मुलाच्या वडिलांचा आणते. त्यांना येऊन गेलाय!"

*

पण आमच्या सगळ्या किश्शांचे राजे म्हणजे वसंत इनामदार, आमचे इनामदारकाका. सरकारी कारखान्यात मशीनचे पार्ट बनवण्यात उभी हयात गेली. रिटायर झाले आणि अटॅक आला. दोन स्टेंट बसले. त्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते बेण्णे दोशाचं. दर शनिवारी लोण्यात न्हालेला दोसा खायचा, हा त्यांचा नेम. सरांनी तो बंद केला आणि वर कबूल केलं, "स्कोर हिरवा आला की महिन्यातून एक!"

झालं! तेव्हापासून काकांच्या आयुष्याला ध्येय मिळालं.

टेस्टच्या आधी चार दिवस कारल्याचा रस, नाचणीची आंबील, बागेत फेऱ्या. शाळेतली पोरं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तक उघडतात तसं. आणि रक्त देऊन झालं की थेट हॉटेल! तरी स्कोर पिवळाच. एकदा तर उपाशीपोटी म्हणून रक्त द्यायला आले आणि मिशीला चटणी.

"काका, हे काय?"

"कालची असेल."

मागून काकू म्हणाल्या, "काल घरी चटणी नव्हती."

विमलकाकू कायम बरोबर असायच्या. हातात पिशवी, पिशवीत काकांची फाईल, काकांच्या गोळ्या, काकांचं पाणी. आमच्या दारातल्या पायऱ्या चढून आल्या की बाकावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "बाई गं, किती उंच पायऱ्या तुमच्या!" आम्ही लगेच विचारायचो, "काका कसे आहेत?"

*

एकदा वाट बघताना काका ऋताला कारखान्याच्या गोष्टी सांगत बसले होते. "दिल्लीहून इन्स्पेक्टर यायचा. आम्ही काय करायचो माहितीये? बॅचमधला सगळ्यात चांगला पीस वर ठेवायचा. तो तेवढाच उचलायचा, बघायचा, पास करायचा आणि जेवून जायचा!"

ऋता पोट धरून हसली. मीही हसले.

*

पुढच्या टेस्टला काकांनी गुडघेदुखीचं कारण सांगून घरी रक्त घ्यायला माणूस मागवला. आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी 'व्ही. इनामदार' एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेली.

दुपारी ऋतानं मला हाक मारली. स्क्रीनवर व्ही. इनामदार, लालभडक! हिमोग्लोबिन पार खाली, क्रिएटिनिन वर. मागच्या वेळच्या आकड्यांशी काही मेळच नव्हता. त्या माणसाला मी किती वेळा रागावले होते! फोन लावला.

"काका, जसे असाल तसे या. रिपोर्ट चांगला नाही."





"तो रिपोर्ट..." काका म्हणाले आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळानं दारात ऑटो थांबली. काका उतरले, धडधाकट. गुडघ्याचं नावही नाही. काकूंना त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि पिशवी आज त्यांच्या खांद्याला होती. सरांना बघताच हमसून रडायला लागले.

"डॉक्टर, मला काही झालेलं नाही. हिला बघा! रक्त हिचं होतं. आधी हिला बघा!"

सरांनी काकूंचा ईसीजी काढला, मग इको. काकूंना अटॅक येऊन गेला होता. कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तसंच आयसीयूत घेतलं. ते दोन दिवस लॅबमध्ये चहा झाला, किस्सा एकही झाला नाही.

तिसऱ्या दिवशी काकू उशीला टेकून बसल्या. सर राउंडला आले, मी रक्त घ्यायला. काका पायाशी, पिशवी मांडीवर धरून. सर हसू दाबत म्हणाले, "इनामदार, आता खरं सांगा. दोशासाठी बायकोचं रक्त दिलंत?"

काकांनी मान खाली घातली. "डॉक्टर, लग्न झाल्यापासून हिला कधी साधा ताप आलेला बघितला नाही मी. मला वाटलं, आमच्या घरातला सगळ्यात चांगला पीस हाच."

काकूंनी माझ्यापुढे हात केला, बाही वर घेतली आणि म्हणाल्या,

"यायचा हो ताप. तुम्ही कारखान्यात गेलात की यायचा."