ढालीच्या मापाचं शोकेस

आमच्या बैठकीतलं काचेचं शोकेस मी दुसऱ्याच्या ढालीचं माप घेऊन बनवलं आहे.

ही ढाल म्हणजे वर्धेच्या फुटबॉलची. दरवर्षी फायनलला तेच दोन क्लब भिडतात. पिपरी मेघेची आमची 'वादळ' आणि शहरातली 'बिजली'. ढाल दरवर्षी नवी, पण त्याच मापाची येते आणि जिंकणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरीच्या घरी कायमची मुक्कामाला जाते. वादळचा सेक्रेटरी मी. बिजलीचा सेक्रेटरी विलास, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ! (सोयरीक जुळवताना हे कोणीच बोललं नव्हतं.)

लागोपाठ तीन ढाली त्याच्या भिंतीवर. वडाभात खायला बोलावलं की मला नेमकं त्या भिंतीसमोर बसवायचा.

"भाऊजी, पंखा वाढवू काय? घाम फुटून राह्यला तुम्हाले!"

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो! यंदा आमची टीम जोरात होती. म्हणून हात धुवायच्या बहाण्यानं उठलो आणि रुमाल लावून ढालीचं माप घेतलं. आठवड्यात शोकेस तयार. आत लाईटसुद्धा!

"अहो, मॅच तर होऊ द्या! काऊन एवढी घाई करून राह्यले?" कुंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"तू आपल्या भावाचीच बाजू घेजो!"

फायनलचा दिवस उगवला. शेवटची दोन मिनिटं उरली आणि वादळ एका गोलनं पुढं! समोर विलास नखं कुरतडत उभा. ते ध्यान पाहून माझ्या जिवाला असा काही गारवा वाटला की दम निघेना. डफडेवाले मी आधीच आणून झाडाखाली बसवले होते.

"वाजवा रे!"

तिथंच घात झाला. आमचा गोलकीपर मुन्ना दोन लेकरांचा बाप, पण त्याच्या नाचाशिवाय पिपरीतली एकही वरात हलत नाही. डफडं ऐकून त्याला वाटलं, मॅच संपली, आपण जिंकलो. हातमोजे हवेत भिरकावून गडी नाचत नाचत थेट माझ्यापर्यंत आला!

"मुन्ना, वापस जाय! मॅच चालू आहे!"

"काय भाऊ, लाजता काऊन? या ना नाचाले!"

त्याच्या पाठीमागं बिजलीच्या खेळाडूनं रिकाम्या गोलमध्ये चेंडू टाकला. तोही चालत जाऊन!

बरोबरी झाली, मग पेनल्टी. नाचून नाचून मुन्नाला धाप लागलेली, त्यानं एकही अडवली नाही. डफडेवाले मात्र कामाचे पक्के. ते सरळ बिजलीच्या मिरवणुकीपुढं लागले. (आणले कोणी? मी!)

चार दिवसांनी विलास दारात. काखेत नवी ढाल.

"भाऊजी, आमच्या भिंतीले आता जागाच नाई राह्यली. ताई म्हणे, तुमचं शोकेस रिकामं आहे."

मी तोंड उघडायच्या आत कुंदानं ढाल आत सरकवली. इकडं सूतभर नाही, तिकडं सूतभर नाही. अशी चपखल बसली!

आता पाहुणे येतात, ढाल पाहून थबकतात. "वा! कोणाची जी?"

"माह्या भावाची!" कुंदा आतून ओरडते. "अहो, दाखवा ना त्याईले नीट!"

आणि मी मुकाट्यानं उठून लाईट लावतो.